ओळख आधी त्यानं दाखवायची

आमच्या वाडीतल्या बदामाची पानं तांबडी होऊन गळायला लागली की दहावीची परीक्षा आली असं मी समजते. कॅलेंडर बघावं लागत नाही. झाडलोट करणारी बाई सकाळी पानांचा ढीग करते, तो उचलायच्या आत वरून आणखी चार पडतात, मग ती मान वर करून झाडाला एक ठेवणीतली शिवी घालते. दुपारी वाडी इतकी गप्प होते की खालच्या गिरणीचा पट्टा फिरताना ऐकू येतो. टीव्ही बारीक होतात. क्रिकेटवाल्या पोरांना "पेपर आहेत रे लोकांचे!" म्हणून गॅलरीतून हाकलतात, आणि हाकलणारी माणसं तीच, जी एरवी स्वतः गॅलरीतून स्कोअर विचारत असतात.

आता वाडीत उरलोय किती आम्ही? मजल्यावर बारा खोल्या, त्यातल्या सातांना कुलूप. कुणी डोंबिवलीला गेले, कुणी विरारला, कुणी वर गेले. माझे 'हे' वर गेले त्याला अकरा वर्षं झाली. लेक बंगलोरला. ती रविवारी व्हिडिओवर दिसते आणि "आई, फोन तोंडापासून लांब धर, नुसतं कपाळ दिसतंय" म्हणते. तेवढ्यात रविवार संपतो.

तर यंदा शेजारची श्रावणी दहावीला. पहिल्या पेपरच्या सकाळी तिची आई संध्या तिला घेऊन माझ्या दारात. "आजी, हातावर दही-साखर घाला हिच्या. तुमचा हात चांगला."

मी म्हटलं, "दही आंबट झालंय गं. विरजण बिघडलं."

पोरगी वाकून नमस्कार करून गेली. संध्याला जरा लागलं असणार. दही चांगलं होतं हो. कवडीसारखं घट्ट लागलेलं, झाकून ठेवलं होतं ओट्यावर. दुपारी मी एकटीनंच भाताबरोबर ते खाल्लं आणि साखर घ्यायची विसरले.

गेली सात वर्षं मी परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दही घातलेलं नाही. का, ते संध्याला कसं सांगणार? इथं सांगते.

हे गेल्यावर मी ब्लाउज शिवायचं आणि साड्यांना फॉल-बिडिंग करायचं तेवढं चालू ठेवलं होतं. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या एक शिक्षिका होत्या. त्या एका छोट्या संस्थेत जायच्या. पोलिसांनी पकडलेली, अठराच्या आतली मुलं असतात ना, त्यांच्यासोबत दर आठवड्याला एका मोठ्या माणसानं बसायचं, एवढंच त्या संस्थेचं काम. एक मूल, एक माणूस, एक वार. शिक्षिका म्हणाल्या, "तुम्ही या. तुम्हाला बोलायला आवडतं." मी म्हटलं, "बाई, मी सातवी. वाचायला शिकले ती चण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. मी काय शिकवणार?" तर म्हणाल्या, "शिकवणारे खूप आहेत आमच्याकडे. बसणारे नाहीत."

मुंबईतल्या आयांना एक शब्द पुरतो मुलांना धाक दाखवायला. "डोंगरीला टाकीन." वाडीतल्या सगळ्या आयांनी तो वापरला, मीही माझ्या लेकीला म्हटलंय. त्याच डोंगरीच्या बालसुधारगृहाच्या फाटकातून मी आत गेले एका गुरुवारी, हातात पिशवी, पिशवीत काही नाही, कारण काही न्यायचं नाही असा नियम. संस्थेतल्या ताईंनी चार नियम सांगितले होते. काय केलंस असं मुलाला विचारायचं नाही. कसलं वचन द्यायचं नाही. काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही. आणि चौथा, मूल बाहेर सुटून आल्यावर कुठं रस्त्यात, दुकानात दिसलं, तर ओळख आधी त्यानं दाखवायची. त्यानं नाही दाखवली तर आपण अनोळखी. निघून जायचं.

मी हसले होते. "एवढे नियम माझ्या सासूबाईंचेही नव्हते."

ताई तरुण होत्या, पण हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, आपण हाक मारली की त्याच्या बाजूचा माणूस विचारतो, या कोण? मग त्याला काहीतरी सांगावं लागतं. तो गडबडतो. तेवढंच पुरतं लोकांना."

त्याचं नाव मी सांगणार नाही. कायद्यानंही सांगायचं नसतं आणि मलाही सांगायचं नाही. सोळा वर्षांचा होता. केस बारीक कापलेले, त्यामुळे कान फार मोठे दिसायचे. बाकावर असा बसला होता की बाक त्याचा आणि मी तिकिटावर आलेली.

"काय शिकवणार तू?" पहिल्याच दिवशी तू. मला बरं वाटलं, खरं सांगू? अहो-जाहो करणारे लोक मला लांबचे वाटतात.

"मला सातवीपर्यंतच येतं," म्हटलं.

"मग मी दहावीचा अभ्यास करायचा आणि तू काय करणार? स्वेटर विणणार?"

"ऐकणार."

त्यानं पलीकडच्या बाकावरच्या पोराला हाक मारली. "ए, माझी आजी सातवी फेल आहे!"

"फेल नाही रे मेल्या, पास! सातवी पास!"

सगळी खोली हसली. कोपऱ्यातले शिपाईसुद्धा. मग त्यानं गणिताचं पुस्तक उघडलं, मला दाखवायला, की बघ, तुला काय कळणार यातलं. मी बघितलं आणि विचारलं, "हे एक्स म्हणजे काय रे?"

"जे माहीत नाही ते."

"माहीत नाही तर लिहायचं कशाला?"

"अगं, लिहिलं तरच सापडतं ना!" तो असा वैतागला की पेन्सिल घेऊन मला समजावायलाच बसला. समजावता समजावता अडला. पुस्तकात मागं गेला, वाचलं, परत आला. आमची रीत पडली ती तिथून. मला खरंच काही येत नव्हतं, हो. मी सोंग करत नव्हते. माझ्या डोक्यात उतरेपर्यंत त्याला सांगावं लागायचं, आणि माझं डोकं म्हणजे जुनं कुलूप, किल्ली चार वेळा फिरवावी लागते. चौथ्या वेळेपर्यंत त्याला ते पाठ झालेलं असायचं. शेवटी नेहमी म्हणायचा, "समजलं का? आता तू सांग."

मी त्याला मास्तर म्हणायला लागले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा कान लाल झाले. नंतर सवय झाली. "मास्तर आले का?" म्हटलं की म्हणायचा, "वही काढ."

मला गृहपाठ द्यायचा तो! खोटं नाही सांगत. त्या वर्षी आमच्या गिरगावात मेट्रोचं खोदकाम चालू होतं, रस्ताभर पत्रे लावलेले, दिवसभर जमिनीतून घरघर यायची आणि फळीवरची भांडी आपापसात बोलल्यासारखी वाजायची. त्यात मी गॅलरीत स्टुलावर बसून बीजगणित सोडवायची. संध्याची श्रावणी तेव्हा सात-आठ वर्षांची होती, ती येऊन माझ्या वहीत डोकवायची आणि म्हणायची, "आजी, तुला टीचर ओरडते का?" ओरडायचा ना. गुरुवारी वही तपासून मास्तर लाल पेनानं लिहायचा, 'निष्काळजीपणा'. हा शब्द त्याला कुठल्या तरी शिक्षकानं आयुष्यभर लिहून दिला असणार. आता तो वापरायला त्याला कुणीतरी मिळालं होतं.

घरी एकटं माणूस असलं की आठवड्याला वार नसतात. दूधवाला येतो तो दिवस, एवढंच. पण त्या वर्षी मला गुरुवार होता. बुधवारी संध्याकाळी मी साडी काढून ठेवायची.

काय केलं होतं ते त्यानं आपणहून सांगितलं. एका गुरुवारी पुस्तक मिटून बसला. म्हणाला, "विचारत का नाहीस?"

"नियम आहे."

"मी स्कूटर चालवत होतो. मागचा होता त्यानं चेन खेचली. भायखळ्याला, भाजी मार्केटच्या बाहेर. म्हातारी होती." मग बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिला. टोक चांगलं होतं आधीच. "पडली नाही ती. नुसती माझ्याकडे बघत राहिली. पिशवीतली मेथी खाली पडली, ती पण नाही उचलली." आणि मग, "तुझ्यासारखीच होती."

 त्या दिवशी मला गप्प बसता आलं होतं, त्याचं मला आज आश्चर्य वाटतं. डोंगरीला जाताना मी गळ्यातली बारीकशी चेन घरी डब्यात ठेवून जायची. वाडीतल्या सगळ्यांनी तसं बजावलं होतं, त्या पोरांत जाताय, सोनं घालून जाऊ नका. पुढच्या गुरुवारी मी ती घालून गेले. त्याच्या लक्षात आलं.  मी उठले तेव्हा म्हणाला, "पदराखाली घे ती. बाहेर पोरं असतात."

मग जामीन झाला. त्याची मावशी लालबागला राहायची, बाजारात मासळी विकायची. तिनं ताबा घेतला. चाळीत सगळ्यांना सांगितलं, भाचा दापोलीहून आलाय शिकायला. आणि बाई हुशार, त्याला दापोलीचे चार रस्ते आणि एक शाळा पाठ करून घेतली, कुणी विचारलं तर. आता गुरुवारी तो संस्थेच्या भायखळ्याच्या खोलीत यायचा. सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायची. केस वाढले, कान झाकले गेले. तेलाचा वास यायला लागला डोक्याला, म्हणजे मावशी डोक्यावरून हात फिरवत असणार.

चाळीत त्याला ओंकार नावाचा मित्र मिळाला. तोही दहावीला. ओंकारच्या घरी टेबल होतं, टेबलफॅन होता. दोघं तिथं अभ्यास करायचे. "काकू रोज शिरा देते," मास्तर सांगायचा. "ओंकारला भूमिती येत नाही, मी शिकवतो त्याला. काकू म्हणते, तुझ्यामुळं माझा पोरगा बसायला लागला." हे सांगताना तो दुसरीकडे बघायचा. मला शिऱ्याचा जरा हेवा वाटायचा. मी कधी त्याला गूळ-शेंगदाण्याचा लाडूसुद्धा देऊ शकले नव्हते. नियम.

त्या शिऱ्यानंच मी बहकले की काय कोण जाणे.

पहिला पेपर मराठीचा. केंद्र परळला, एका शाळेत. आदल्या गुरुवारी तो म्हणाला होता, "घरी बसून देवाला सांग." मी हो म्हटलं. सकाळी उठून दही बघितलं तर असं सुंदर लागलेलं. म्हटलं, लांबून बघून येऊ. रस्त्याच्या पलीकडे उभं राहायचं, तो आत गेला की परत फिरायचं. लांबून बघायला कुठं बंदी आहे? पण मग स्टीलची डबी कशाला घेतली बरोबर? चमचा कशाला घेतला? माणूस स्वतःला फसवायला निघाला ना, की पूर्ण तयारीनिशी निघतो.

शाळेबाहेर ही गर्दी. आयांच्या हातात पाण्याच्या बाटल्या, बापांच्या हातात मोबाइल, भिंतीवर बैठक क्रमांकांचे कागद आणि त्यावर बोटं फिरवणारी पोरं. कुणी एक मुलगी भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती, तिची आई तिच्या वेणीला उगाच हात लावत होती. मी समोर पिंपळाखाली उभी. तो आला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, बाही कोपराच्या खाली व्यवस्थित दुमडलेली. बरोबर ओंकार, आणि ओंकारची आई, दोघांच्याही पट्ट्या-पेनांच्या पिशव्या तिच्याच हातात. तिनं एक पिशवी त्याला दिली आणि त्याच्या शर्टाच्या खांद्यावरचं काहीतरी झटकलं. जसं ओंकारचं झटकलं तसंच.

मी रस्ता ओलांडला कधी, मला माहीत नाही. "मास्तर!" म्हणून हाक मारली तेव्हा मी त्याच्यापासून दोन हातांवर होते.

तो वळला. आधी चेहरा फुलला. हे मी नीट बघितलंय आणि ते माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. फुलला, आणि मग त्याला बाजूची माणसं आठवली.

मी तोपर्यंत डबी उघडलेली. त्यानं हात पुढं केला, मी त्यावर चमचाभर दही घातलं.

ओंकारची आई हसून म्हणाली, "अय्या, तुम्ही कोण?"

"मी आजी त्याची."

"दापोलीहून आलात?"

हो म्हणायचं होतं. एक अक्षर होतं हो ते. सकाळचीच बस मिळाली म्हणायचं, कोकणातली तर मी आहेच, माझ्या बोलण्यातून कळतंच. पण मला त्या वेळी काय झालं होतं सांगू? मला माझं सांगायचं होतं. तुम्ही शिरा देता, मान्य, पण मी तुमच्या आधीची आहे. म्हणाले, "नाही हो, मी गिरगावची. हा डोंगरीला होता ना, तेव्हापासून हा माझा मास्तर..."

शब्द बाहेर पडला आणि मलाच ऐकू आला.

ती बाई वाईट नव्हती. तिचा हात नुसता ओंकारच्या खांद्यावर गेला आणि ओंकार तिच्या पलीकडच्या बाजूला आला. "चल, बेल होईल," ती ओंकारला म्हणाली. एकट्या ओंकारला.

त्यानं माझ्याकडे बघितलं. दही तळहातावर तसंच होतं. त्यानं ते चाटलं नाही, टाकलंही नाही. मूठ मिटली आणि फाटकातून आत गेला. उजवा हात होता. बोटांतून पांढरं गळत होतं. मी चमचा घेऊन उभी होते, आणि कुठल्या तरी वडिलांनी मला म्हटलं, "मावशी, बाजूला व्हा, पोरांना जाऊ द्या."

त्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. मी खोलीत बसून राहायची, टेबलावर वही, त्यात त्यानं दिलेला गृहपाठ सोडवलेला. तिसऱ्या गुरुवारी ताईंनी मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, चाळीत कळलंय सगळ्यांना, मी त्याला दुसरीकडे ठेवलाय, पेपर देतो की नाही मला विचारू नका, मी बाजारात असते.

मी ताईंना सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "होतं, आजी." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

निकालाच्या दिवशी संध्याच्या नवऱ्याला म्हटलं, मोबाइलवर एका मुलाचा निकाल बघून दे. तो म्हणाला, "सांगा आजी, बैठक क्रमांक आणि आईचं नाव." पहिलं मला माहीत नव्हतं. दुसरं मास्तरानं कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं, तो एकच नियम मी कुणी न सांगता पाळलेला. "राहू दे," म्हटलं.

पुढं त्याची केस बाल न्याय मंडळासमोर मिटली. फाइल बंद झाली की संस्थेनं चौकशी करायची नसते, मूल मोकळं. बरोबरच आहे. पण माझी फाइल कुणी बंद केली नाही. त्यानंतर मी आणखी तीन मुलांबरोबर आणि एका मुलीबरोबर बसले, गुडघ्यांनी साथ दिली तोपर्यंत. चांगली मुलं होती. एक आजही दिवाळीला मेसेज पाठवतो, दिव्याचं चित्र. मास्तर मात्र मी पुन्हा कुणाला म्हटलं नाही.

दर मार्चमध्ये मी लालबागला मसाला करून आणायला जाते. एकट्या बाईला किती मसाला लागतो? पाव किलो वर्षभर संपत नाही. लेक म्हणते, ऑनलाइन मागव. मिरची गल्लीत मसाला कुटायचे डंक चालू असतात, हवेत तिखट उडतं, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी, सगळे शिंकत असतात. कुणी कुणाला विचारत नाही का रडतेस. मी तिथं तासभर उभी राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांचे कान बघते.

मला त्याच्याकडून माफी वगैरे नको होती. एवढंच हवं होतं, की त्या मुठीतल्या दह्याचं पुढं काय झालं. राहिलेले पेपर त्यानं दिले का? की माझ्या एका शब्दानं ते वर्ष, आणि वर्षाच्या पुढचं सगळंच, तिथं फाटकाशी सांडलं?

हे असं सात वर्षं. आणि मग यंदा, श्रावणीला आंबट दह्याची थाप मारली त्याच्या चार दिवसांनी, मी हिंदमात्याच्या कापडबाजारात गेले. लेक मे महिन्यात येणार आहे, तिला एक सुती साडी घ्यावी म्हणून. उन्हाची वेळ होती, बसमधून उतरून पहिलं दिसलं त्या दुकानात शिरले. आत गादी, पांढरी खोळ, गल्ल्यावर जाडसर शेठ. शेठ म्हणाले, "आजींना कॉटन दाखव रे."

गादीवर जो पुढं सरकला तो दाढीवाला, चोवीसेक वर्षांचा. "या आजी, बसा. पाणी देऊ?"

कान तेच.

मी बसले. ओळख आधी त्यानं दाखवायची. मी साड्या बघत राहिले. तो एकेक घडी फेकल्यासारखी उलगडत होता, कापड माझ्या मांडीपर्यंत यायचं. "ही बघा, नारायणपेठ. धुवायला सोपी. ही बघा, काठ वेगळा." मला 'तुम्ही' म्हणत होता, जसं सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणतात तसं. त्यानं मला ओळखलं नसेल, असं मी मनात म्हणत होते. माझे केस सगळे पांढरे झालेत. मी वाळलेय. त्यानं वरच्या फळीवरून न सांगता एक गठ्ठा काढला आणि पोऱ्याला म्हणाला, "दोन चहा सांग."

हिंदमात्याला चहा सगळ्यांना नाही सांगत. लग्नाचा बस्ता असेल तर, नाहीतर माणूस घरचं असेल तर. शेठनी गल्ल्यावरून मान वर केली. "ओळखीच्या आहेत का रे?"

"छे हो!" मी म्हणाले. "पहिल्यांदाच आलेय तुमच्या दुकानात."

किती पटकन म्हणाले! सात वर्षं पाठ केलेलं उत्तर होतं ना. चुकायचं नव्हतं मला ते परत. आणि म्हणून झाल्यावर मी त्याच्याकडे बघितलं, तर त्याचं तोंड अर्धवट उघडलेलं होतं. ते त्यानं मिटलं. हातातली घडी खाली ठेवली.

चहा आला. आम्ही दोघांनी तो प्यायला. मग तो एक हिरवी साडी हातावर घेऊन उठला. "आजी, रंग बाहेर उजेडात बघून घ्या. इथल्या ट्यूबलाइटमध्ये कळत नाही."

ही त्यांची दुकानातली रीत आहे, सगळेच करतात. मी त्याच्या मागून पायऱ्या उतरले. बाहेर ऊन, पुलावरून गाड्यांचा धडधडाट, फुटपाथवर रुमालवाल्यांचा ओरडा. त्यानं पदर उन्हात धरला. आत हिरवी दिसत होती ती, बाहेर पार मोरपंखी निघाली.

"राहिलेले सगळे पेपर दिले मी," तो साडीकडे बघत म्हणाला. "तुझ्यावरच्या रागानं दिले. भूमिती गेली. जुलैत काढली."

मला वाटलं होतं, हे कळलं की मी मोठ्यानं रडेन. मी पदराचा काठ हातात घेतला आणि त्याचं विणकाम बघत राहिले. डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

"आणि आजपण तूच आधी बोललीस," तो म्हणाला. "सांगणार होतो ना मी त्यांना."

"काय सांगणार होतास?"

आतून शेठची हाक आली. त्यानं साडीची घडी घातली, चार झटक्यांत, एकही सुरकुती नाही. जाता जाता म्हणाला, "चेन पदराखाली घे." आणि आत जाऊन, सगळ्यांना ऐकू येईल असं, "शेठ, आजींना हीच आवडली. बांधून देऊ का?"

साडी घरी येऊन पडलीय. फॉल लावून झाला, बिडिंग झालं, लेकीला यायला अजून दीड महिना आहे. काल श्रावणीचा भूमितीचा पेपर होता. मी सकाळीच दार उघडून तिला आत बोलावलं आणि हातावर दही-साखर घातली. तिनं चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणाली, "आजी, आता विरजण नीट लागलं का?" मी मान हलवली. संध्या माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं असणार, म्हातारीला बरं नाही, नाहीतर एवढ्यावर गप्प बसते कुठली.

तो काय सांगणार होता, ते मला ऐकायचंय. त्यासाठी पुन्हा हिंदमात्याला जायला हवं, त्याच गादीवर बसायला हवं, आणि शेठनी पुन्हा विचारलं, ओळखीच्या आहेत का रे, तर उत्तर त्याचं त्याला देऊ द्यायला हवं. हो म्हणेल, नाही म्हणेल, दापोलीची आत्या म्हणेल. त्याची मर्जी. मी फक्त तोंड मिटून बसायचं. वाटतं तितकं सोपं नाही ते, विशेषतः मला. म्हणून सध्या रोज सकाळी गॅलरीतल्या स्टुलावर बसून त्याचाच अभ्यास करते. समोर बदामाची पानं पडत असतात, मजल्यावरची सात कुलपं आपापल्या दारांवर असतात, आणि बोलायला कुणीच नसल्यामुळे सराव चांगला होतो.